टर्मिनलमध्ये आलेख काढणारे मुक्त-स्रोत पॅकेज: खणांच्या हिशेबापासून प्रकाशनापर्यंत

गोव्यात फोंड्याला आमच्या घराच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. त्याच्या आतली लहानशी वाटी ठरावीक पाणी साचले की कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद माळ्यावरचा रास्पबेरी पाय करतो. त्या संगणकाला पडदा नाही. त्याच्याकडे जायचे ते एसएसएचने, आणि जून-जुलैत जोडणी इतकी रेंगाळते की ब्राउझरमधला आलेख उघडेपर्यंत सर ओसरून गेलेली असते. टर्मिनलची गोष्ट वेगळी आहे. ८० रकाने आणि २४ ओळी म्हणजे १,९२० खण. प्रत्येक खणात तीन बाइटांचे अक्षर बसवले तरी सगळा आलेख ५,७६० बाइटांत संपतो. या सोयीपायी मी पायथनमध्ये एक लहान पॅकेज लिहायला घेतले. त्या कामातून जी पद्धत हाती आली ती येथे क्रमाने मांडली आहे. वाचकाला पायथन येते, पण पॅकेज प्रकाशित करण्याचा अनुभव नाही, असे मी धरून चाललो आहे.

आधी हे पाहावे की काम कोणी करून ठेवलेले तर नाही ना. १९८६ साली आलेल्या ग्नूप्लॉटमध्ये ‘डम’ नावाचा आउटपुट प्रकार आहे आणि तो साध्या अक्षरांत आलेख काढतो. ज्युलिया भाषेत युनिकोडप्लॉट्स आहे, पायथनमध्ये प्लॉटेक्स्ट आणि टर्मग्राफ आहेत. आलेख पाहण्यापुरतीच गरज असेल, तर यांपैकी एक वापरून मोकळे व्हावे. नवे पॅकेज लिहिण्याला कारण हवे, आणि माझे कारण देवनागरी होते. तालुक्यांची नावे मराठीत लिहिली की स्तंभ वेडेवाकडे सरकत होते. तुमचे कारण दुसरे असू शकेल, पण ते एका वाक्यात लिहून रीडमीच्या पहिल्या ओळीत ठेवावे. पुढे कोणी पाय-आलेख, नकाशे किंवा त्रिमिती मागितली, तर नाही म्हणताना त्या वाक्याचा आधार होतो.

पहिला निर्णय: फंक्शनने छापू नये

सुरुवातीला बहुतेकांच्या हातून एकच चूक होते, आणि माझ्याही झाली: आलेख काढणारे फंक्शन स्वतःच प्रिंट करते. त्यामुळे त्याची चाचणी घेता येत नाही, निकाल फाइलीत टाकता येत नाही आणि दोन आलेख शेजारी ठेवता येत नाहीत. फंक्शनने आकडे घ्यावेत, रुंदी-उंची घ्यावी आणि नव्या ओळींनी जोडलेली एक स्ट्रिंग परत द्यावी. छापणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. टर्मिनलची रुंदी किती, रंग चालतात का, एन्कोडिंग कोणते, हे प्रश्नही आलेखाच्या गाभ्यात विचारू नयेत. ते बाहेरच्या पातळ थरात विचारून उत्तरे आत पाठवावीत. गाभ्याला बाहेरच्या जगाची खबर नसेल, तर तेच आकडे दिल्यावर तेच अक्षर दर वेळी बाहेर पडते. पुढच्या सगळ्या चाचण्या या एका गुणावर उभ्या आहेत.

आत मात्र एक पट असावा: ओळींची यादी, प्रत्येक ओळीत खणांची यादी आणि प्रत्येक खणात एक अक्षर व एक रंग. आधी पटावर सगळे मांडून घ्यावे आणि शेवटी एकदाच जोडून स्ट्रिंग करावी. मांडता मांडता स्ट्रिंगला अक्षरे चिकटवत गेल्यास अक्ष, रेषा आणि मथळा यांचा क्रम सांभाळणे जिकिरीचे होते.

आकड्यापासून खणापर्यंत

मूळ गणित शाळेतल्या प्रमाणाचे आहे. किमतीतून किमान किंमत वजा करावी, फरकाला एकूण पल्ल्याने भागावे आणि आलेल्या अपूर्णांकाला रकान्यांच्या संख्येतून एक वजा करून गुणावे. तो एक विसरला की सर्वांत मोठी किंमत पटाबाहेर पडते, कारण ६० रकान्यांचे क्रमांक ० ते ५९ असतात. उभ्या दिशेला आणखी एक उलटापालट आहे. टर्मिनलची पहिली ओळ वर असते आणि आलेखाचे शून्य खाली, म्हणून ओळीचा क्रमांक शेवटच्या ओळीतून वजा करून घ्यावा लागतो.

हे दहा ओळींचे काम आहे, पण त्याच्या कडा आधीच बुजवून घ्याव्यात. सगळ्या किमती सारख्या असतील तर पल्ला शून्य होतो आणि भागाकार फसतो. अशा वेळी पल्ला दोन्ही बाजूंना थोडा वाढवून रेषा मध्यावर काढावी. यादी रिकामी असेल तर रिकामा पट न देता स्पष्ट संदेशासह त्रुटी द्यावी. ‘नॅन’ ही ‘आकडा नाही’ असे सांगणारी किंमत लहान-मोठेपणाच्या कोणत्याही तुलनेला नाहीच म्हणते, त्यामुळे ती यादीत कुठे आहे त्यावर पायथनचे किमान-कमाल बदलते. म्हणून पल्ला ठरवण्याआधीच ती बाजूला काढावी.

बाजूला काढणे म्हणजे विसरून जाणे मात्र नव्हे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की नोंद थांबते, आणि नोंद नसलेला तास व पाऊस नसलेला तास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आवृत्तीत मी गहाळ नोंदीला शून्य धरले होते. परिणामी, सगळ्यात जोराचा पाऊस ज्या रात्री कोसळला, ती रात्र आलेखात कोरडी ठणठणीत दिसली. सोप्यावर बसलेल्या काकांनी तो आलेख पाहिला आणि म्हणाले, “अरे, तुझ्या यंत्राला म्हणावं एकदा विहिरीत डोकावून ये.” गहाळ जागी रेषा तुटलीच पाहिजे, आणि स्तंभालेखात तेथे शून्य उंचीच्या स्तंभाऐवजी एखादी वेगळी खूण हवी. मी मधला ठिपका वापरतो.

नोंदी रकान्यांपेक्षा जास्त असतील तर त्या गोळा कराव्या लागतात. दिवसाची १,४४० मिनिटे १६० उभ्या पट्ट्यांत बसवायची, तर एका पट्टीत ९ मिनिटे येतात. त्या नऊ आकड्यांचे काय करायचे हे पॅकेजने परस्पर ठरवू नये. पावसाची बेरीज हवी, तापमानाचे किमान व कमाल दोन्ही हवे, आणि सरसकट सरासरी काढली तर पाच मिनिटांची जोरदार सर सपाट होऊन जाते. निवड वापरणाऱ्यावर सोपवावी आणि मूळ निवड किमान-कमालीची ठेवावी, कारण ती टोके लपवत नाही.

एका खणात जास्त कसे मावते

खण अखंड रंगवायचा किंवा रिकामा सोडायचा एवढेच दोन पर्याय ठेवले, तर आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. युनिकोडमध्ये यावर दोन उपाय आहेत.

पहिला आठव्या भागांचा. खालून वर भरत जाणारे ठोकळे ९६०१ ते ९६०८ या क्रमांकांवर आहेत. म्हणजे खणाचे न आठवे भाग भरायचे असतील, तर ९६०० मध्ये न मिळवले की अक्षर सापडते. आडव्या स्तंभासाठी डावीकडून भरत जाणारे ठोकळे उलट्या क्रमाने लावलेले आहेत, तेथे ९६१६ मधून न वजा करावे. नमुन्यादाखल घेतलेले पाच महिन्यांचे आकडे (मिलिमीटरमध्ये) २८ खणांच्या रुंदीत असे दिसतात:

८४० █████████████████████ जून
११२० ████████████████████████████ जुलै
६९० █████████████████▎ ऑगस्ट
३१० ███████▊ सप्टेंबर
१४५ ███▋ ऑक्टोबर

सर्वांत मोठी किंमत ११२० आहे, म्हणून एका खणाचे ४० मिलिमीटर आणि आठव्या भागाचे ५ मिलिमीटर होतात. ऑगस्टचे ६९० म्हणजे १७ पूर्ण खण आणि वर दोन अष्टमांश. ऑक्टोबरचे १४५ म्हणजे ३ पूर्ण खण आणि पाच अष्टमांश. पूर्णांकात रूपांतर करताना आधी सगळी किंमत अष्टमांशांत पूर्ण करून घ्यावी आणि मग आठने भागून भागाकार व बाकी काढावी. पूर्ण खण आधी आणि उरलेला अपूर्णांक मागाहून असे केले, तर बाकी कधीकधी आठवर जाते आणि स्तंभाच्या टोकाला भलतेच अक्षर उगवते. (नमुन्यातले आकडे प्रत्यक्षात उजव्या कडेने लावायचे असतात. नावे उजवीकडे का ठेवली आहेत, ते पुढे येईल.)

दुसरा उपाय ब्रेलचा. युनिकोडच्या ब्रेल विभागात २५६ अक्षरे आहेत. प्रत्येकात दोन उभ्या रांगा आणि प्रत्येक रांगेत चार ठिपके अशी आठ ठिपक्यांची सगळी जुळणी तेथे तयार मिळते. टर्मिनलचा खण साधारणपणे रुंदीच्या दुप्पट उंच असतो, त्यामुळे २ × ४ ठिपके जवळजवळ चौरस अंतरावर पडतात आणि तिरकी रेषा तिरकीच दिसते. ६० × २० खणांचा पट अशा रीतीने १२० × ८० ठिपक्यांचा होतो.

ठिपक्यांचे वजन ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण त्यात एक आडवळण आहे. डाव्या रांगेला वरून खाली १, २, ४ आणि ६४. उजव्या रांगेला ८, १६, ३२ आणि १२८. सरळ क्रम मोडण्याचे कारण ऐतिहासिक आहे. मूळ ब्रेल सहा ठिपक्यांची होती आणि तळाची ओळ नंतर जोडली गेली. समजा रेषा खणात डावीकडे खालून शिरते आणि उजवीकडे वर बाहेर पडते. मग डावीकडचे खालचे दोन ठिपके (६४ आणि ४) आणि उजवीकडचे वरचे दोन (१६ आणि ८) लागतात. बेरीज ९२. विभागाची सुरुवात १०२४० वर आहे, म्हणून अक्षर १०३३२ वे: ⡜. खणाची वजने ‘किंवा’ या द्विमान क्रियेने जुळवावीत, साध्या बेरजेने नव्हे. एकाच ठिपक्यावरून दोन रेषा गेल्या तर बेरजेत तो दुप्पट धरला जातो आणि भलताच ठिपका पेटतो.

दोन बिंदूंमधली रेषा भरण्यासाठी ब्रेझनहॅमची कृती पुरते. आयबीएममधल्या जॅक ब्रेझनहॅम यांनी ती प्लॉटरसाठी बसवली आणि १९६५ साली प्रसिद्ध केली. ती केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर चालते, आणि ठिपके मोजून टाकायचे असल्याने आपल्या कामालाही तेवढे पुरे असते.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. ब्रेलच्या अक्षरांनी काढलेला आलेख दृष्टिहीन वाचकाला सर्वांत निरुपयोगी असतो, कारण स्क्रीन रीडर तो निरर्थक अक्षरांची रांग म्हणून वाचतो. म्हणून प्रत्येक आलेखासोबत तेच आकडे सारणीच्या किंवा दोन वाक्यांच्या रूपात देणारा पर्याय ठेवावा. त्याला वीस ओळींपेक्षा जास्त कोड लागत नाही.

अक्षावरच्या खुणा

संगणकाला विचारले तर तो ३८.२, ३८.९३७५, ३९.६७५ अशा खुणा देईल. माणसाला १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी वाचायची सवय असते. पॉल हेकबर्ट यांनी १९९० मध्ये मांडलेली रीत आजही चालते. पल्ल्याला हव्या त्या अंतरांनी भागावे, आलेल्या पायरीची दहाची घात बाजूला काढावी आणि उरलेला अंक १.५ च्या आत असेल तर १, ३ च्या आत असेल तर २, ७ च्या आत असेल तर ५, नाहीतर १० धरावा.

साळावली धरणाचे उदाहरण घेऊ. पाणी ४१.१५ मीटरवर पोचले की ते सांडव्यावरून वाहू लागते. समजा आपली पातळी ३८.२० पासून तेथवर चढली आहे. पल्ला २.९५, चार अंतरे धरल्यास पायरी ०.७३७५. दशांश घात काढल्यावर अंक ७.३७५ उरतो, तो ७ च्या पुढे असल्याने १० धरायचा, म्हणजे पायरी १ मीटर. खुणा ३८, ३९, ४०, ४१, ४२. खुणा काढताना पायरी पुन्हा पुन्हा मिळवत जाऊ नये, कारण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकात नेमकी ०.३ होत नाही. सुरुवात अधिक क्रमांक गुणिले पायरी असे दर वेळी नव्याने काढावे आणि दशांश स्थळे पायरीवरून ठरवावीत.

याच उदाहरणात एक विवेकाचा मुद्दा दडलेला आहे. पातळीची रेषा ३८ पासून सुरू केली तर चालते, कारण वाचक चढउतार पाहत असतो. त्याच आकड्यांचे स्तंभ ३८ पासून उभारले, तर तीन मीटरांचा फरक धरण रिकामे होऊन भरल्यासारखा दिसतो. माझ्या पॅकेजमध्ये स्तंभ नेहमी शून्यापासूनच निघतात आणि तो नियम बदलण्याचा पर्याय मी मुद्दामच ठेवलेला नाही. तशी मागणी दोनदा आली, आणि रीडमीची पहिली ओळ तेव्हा कामी आली.

देवनागरी नावांचा पेच

आता ज्या कारणासाठी हा खटाटोप केला, त्याकडे येऊ. टर्मिनल प्रत्येक अक्षराला किती खण द्यायचे हे स्वतः ठरवते, आणि आपल्या प्रोग्रामने धरलेली रुंदी त्याच्याशी जुळली नाही तर पुढचे सगळे सरकते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक खण, म्हणून प्रश्नच येत नाही. ‘म्हापसा’ लिहून पायथनच्या ‘लेन’ला विचारले, तर तो ७ सांगतो: म, हलन्त, ह, काना, प, स, काना. वाचणाऱ्याला मात्र म्हा, प, सा अशी तीनच अक्षरे दिसतात.

युनिकोडमध्ये मात्रांचे दोन वर्ग आहेत. एकार, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे जागा न घेणारी मानली जातात. काना, वेलांट्या आणि ओकार जागा घेणारी मानली जातात. मार्कस कून यांच्या जुन्या आणि अजूनही प्रचलित नियमाप्रमाणे पहिल्या वर्गाला शून्य आणि दुसऱ्याला एक खण मिळतो, म्हणून म्हापशाला ६ खण. दोन्ही वर्गांना शून्य धरले तर ४. आणि २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून जोडाक्षर हा एकच अक्षरगुच्छ धरला जातो, त्या हिशेबाने ३. ‘पेडणे’ मात्र तिन्ही नियमांत ३ च भरते, कारण त्यात नुसते एकार आहेत. त्यामुळे एका यादीत काही नावे शिस्तीत उभी राहतात आणि काही ढळतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की चूक आकड्यांत आहे. ‘सांगे’ आणि ‘मुरगाव’ या दोन नावांनी माझे दोन रविवार खाल्ले.

रुंदी अचूक ओळखणारी सारणी शोधत बसणे व्यर्थ आहे, कारण अंतिम शब्द टर्मिनलचा असतो आणि टर्मिनलांत एकमत नाही. त्यापेक्षा रुंदी माहीत असण्याची गरजच पडणार नाही अशी मांडणी करावी. माझ्या अनुभवात तीन मार्ग टिकले.

सर्वांत साधा मार्ग वरच्या नमुन्यात आलेला आहे: डावीकडे आकडे, मध्ये स्तंभ आणि नाव सर्वांत शेवटी. नाव कितीही खण घेवो, त्याच्यानंतर काहीच नसल्याने काही ढळत नाही. देवनागरी अंक प्रत्येकी एकच खण घेतात, म्हणून डावीकडचा आकड्यांचा रकाना मराठीतही बिनघोर राहतो.

नावे डावीकडेच हवी असतील, तर दुसरा मार्ग कर्सर नेमक्या रकान्यावर नेण्याचा. नाव छापल्यावर एस्केप अक्षर (क्रमांक २७), डावा चौकटी कंस, रकान्याचा क्रमांक आणि मोठे ‘जी’ हा क्रम पाठवला, की कर्सर थेट त्या रकान्यावर जातो. म्हापसा ३ खणांत बसो वा ६ मध्ये, स्तंभ १४ व्या रकान्यापासूनच सुरू होतो. येथे मी एकदा चांगलाच फसलो. माझे फंक्शन सगळे आकडे देवनागरीत बदलत होते, त्यात या क्रमातला आकडाही बदलला गेला, आणि टर्मिनलने तो आदेश न ओळखता पडद्यावर कचरा टाकला. पायथन ‘इंट’ला ‘१४’ दिले तर तो ते बिनतक्रार वाचतो, टर्मिनल वाचत नाही. अंकांचे रूपांतर दिसणाऱ्या मजकुरावरच करावे.

हा मार्ग फाइलीत चालत नाही, कारण तेथे कर्सरच नसतो. आउटपुट फाइलीत जाणार असेल तर तिसरा मार्ग, टॅबचा. टॅब पुढच्या आठाच्या पटीवर नेतो. सर्व नावे सात खणांच्या आत बसत असतील, तर एका टॅबने काम भागते. ‘काणकोण’ आणि ‘डिचोली’ सहा खणांपर्यंत जातात, ‘धारबांदोडा’ मात्र कून यांच्या नियमाने बाहेर पडते. अशा वेळी लांब नाव वेगळ्या ओळीवर घ्यावे.

रंग आणि आउटपुटची दिशा

रंगाचा क्रमही त्याच एस्केपने सुरू होतो आणि धाकट्या ‘एम’ने संपतो. ३० ते ३७ हे आठ मूळ रंग, शून्य म्हणजे पूर्ववत. रंगाचे बाइट स्ट्रिंगची लांबी वाढवतात पण खण घेत नाहीत, म्हणून आधी मोकळ्या जागा भराव्यात आणि मगच रंग चढवावा. आउटपुट खऱ्या टर्मिनलला जोडलेले नसेल तर रंग आपोआप बंद व्हावा. ‘नो कलर’ हा परिवेश चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) भरलेला असेल तरीही बंद व्हावा. हा संकेत आता अनेक प्रोग्राम पाळतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळा रंग दिसतच नाही आणि लाल-हिरव्याचा फरक अनेकांना कळत नाही, तेव्हा दोन मालिका केवळ रंगाने वेगळ्या करू नयेत, खूणही वेगळी द्यावी.

पायथनच्या शूटिल मॉड्यूलमधले टर्मिनलचा आकार देणारे फंक्शन काही सापडले नाही तर ८० × २४ देते. हा ८० चा आकडा १९२८ च्या आयबीएमच्या पंचकार्डातल्या रकान्यांचा वारसा आहे. विंडोजवर एक जास्तीची अडचण येते. पडद्यावर नीट दिसणारा आलेख फाइलीत वळवला की एन्कोडिंगची त्रुटी येऊ शकते, कारण तेथे यूटीएफ-८ ऐवजी जुने एन्कोडिंग लागू होते. म्हणून आउटपुटचे एन्कोडिंग आधी तपासावे आणि ते ब्रेल वा ठोकळे पेलणारे नसेल, तर तारका व उभ्या दांड्यांचा साधा आलेख द्यावा.

चाचण्या, परवाना, प्रकाशन

गाभा स्ट्रिंग परत देत असल्याने चाचणी सरळ आहे. ठरलेले आकडे द्यावेत, आलेख एकदा डोळ्यांनी नीट तपासून फाइलीत जपून ठेवावा आणि पुढे प्रत्येक बदलानंतर नवा निकाल त्याच्याशी अक्षरशः ताडून पाहावा. रिकामी यादी, एकच बिंदू, सगळ्या सारख्या किमती, ऋण किमती, मध्येच नॅन आणि गोव्याच्या बाराही तालुक्यांची नावे एवढ्या चाचण्या पहिल्या दिवशीच लिहाव्यात. त्या लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्हींवर आपोआप चालतील अशी व्यवस्था गिटहबवर करता येते.

परवान्याची फाइल घातल्याशिवाय कोड उघड्यावर ठेवून तो मुक्त होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींत मोडतात, त्यामुळे तुम्ही काही न लिहिल्यास हक्क तुमच्याकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो कोड वापरण्याची मुभा मिळत नाही. दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये सहज मिसळावे अशी इच्छा असेल तर एमआयटी परवाना घ्यावा. सुधारित आवृत्ती वाटणाऱ्यानेही कोड खुला ठेवावा असा आग्रह असेल तर जीपीएल. माझ्या लहानशा पॅकेजला मी एमआयटी पसंत केला.

पॅकेजची माहिती ‘पायप्रोजेक्ट’ नावाच्या टॉमल फाइलीत जाते: नाव, आवृत्ती, परवाना, पायथनची किमान आवृत्ती आणि अवलंबने. शेवटचा रकाना रिकामा ठेवता आला तर उत्तम. नाव ठरवण्याआधी पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात, ते कोणी घेतले आहे का ते पाहावे. कोड मुळाशी न ठेवता ‘एसआरसी’ या फोल्डरात ठेवावा, आणि हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. माझ्या पहिल्या प्रकाशनात अंक आणि महिन्यांच्या नावांची माहिती-फाइल बांधणीत शिरलीच नव्हती. माझ्याकडे चाचण्या हिरव्या होत्या, कारण त्या शेजारच्या फोल्डरातला कोड उचलत होत्या, बसवलेले पॅकेज नव्हे. चवथीच्या आदल्या रात्री, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास) बांधायला घरातली सगळी मंडळी हाका मारत असताना, मी तेच ०.१.० पुन्हा चढवू पाहत होतो. पायपीआयवर एकदा चढलेले फाइलनाव खोडून टाकले तरी पुन्हा वापरता येत नाही. शेवटी ०.१.१ काढावे लागले आणि ०.१.० ‘यँक’ केले. यँक केलेली आवृत्ती नेमकी मागितल्याखेरीज कोणाच्या संगणकावर बसत नाही.

त्यामुळे आता क्रम असा: आधी बांधणी, मग कोऱ्या आभासी परिवेशात ती बसवून तेथेच चाचण्या, मग टेस्टपायपीआयवर रंगीत तालीम आणि त्यानंतरच खरे प्रकाशन. २०२३ पासून पायपीआयवर विश्वासू प्रकाशनाची सोय आहे. तीत गिटहबची स्वयंचलित प्रक्रिया थोड्या काळापुरती टिकणारी परवानगी घेऊन पॅकेज चढवते आणि गुप्त टोकन जपत बसावे लागत नाही.

तक्रार नोंदवण्याच्या नमुन्यात टर्मिनलचे नाव, फॉन्ट, कार्यप्रणाली आणि पॅकेजची आवृत्ती यांसाठी जागा ठेवावी, आणि पडद्याच्या छायाचित्रासोबत मूळ आकडेही मागावेत. छायाचित्रात स्तंभ सरकलेला दिसतो, तो का सरकला ते दिसत नाही. ‘रिप्र’ने काढलेली स्ट्रिंग मिळाली की एस्केप अक्षरे उघडी पडतात आणि दोष आपल्या कोडचा की टर्मिनलचा हे दोन मिनिटांत कळते. दोष आपला निघाला, तर आधी तेच आकडे घेऊन फसणारी चाचणी लिहावी, ती फसते याची खात्री करावी आणि मग दुरुस्तीला हात घालावा.